‘हँग’, शंका आणि विलंब : लोंबण्याच्या क्रियापदांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी माझ्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने फौजदारी अपिलाचा इंग्रजी मसुदा तयार करून माझ्यापुढे ठेवला. मसुदा चांगला होता. मुद्दे क्रमवार होते, दाखले योग्य होते. परंतु खालच्या न्यायालयाच्या शिक्षेचा उल्लेख करताना त्याने ‘हँग’ या क्रियापदाचे भूतकाळवाचक रूप ‘हंग’ असे लिहिले होते. मी लाल शाईने ते खोडून ‘हँग्ड’ केले. “सर, दोन्ही एकच ना?” असे त्याने विचारले. शाळेतील व्याकरणाच्या पुस्तकात असते ते ठरावीक उत्तर मी दिले : चित्र, कोट, पडदा यांना ‘हंग’, माणसाला फाशी दिली असेल तर ‘हँग्ड’. त्याचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. एकाच क्रियापदाला दोन भूतकाळ का असावेत, आणि त्यांतील एक नेमका फासाशी का बांधलेला असावा, हा प्रश्न पुष्कळ दिवस मनात राहिला. त्या प्रश्नामागे जाताना जे हाती लागले ते सीमेच्या अल्याड-पल्याड राहणाऱ्या, रोज दोन-तीन भाषांतून व्यवहार करणाऱ्या माझ्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

आजचे ‘हँग’ हे एक क्रियापद नव्हे. ते किमान दोन, आणि नीट पाहिल्यास तीन क्रियापदांचे मिळून झालेले आहे. प्राचीन इंग्रजीत ‘होन’ असे एक सकर्मक क्रियापद होते; त्याचा अर्थ टांगणे. त्याचा भूतकाळ स्वर बदलून ‘हेंग’ असा होई. दुसरे ‘हँगियन’, ते अकर्मक; त्याचा अर्थ लोंबणे, आणि त्याचा भूतकाळ आजच्या ‘एड’सारखा प्रत्यय लागून होई. मराठीत ‘टांगणे’ आणि ‘लोंबणे’ ही दोन क्रियापदे आपण आजही वेगळी ठेवली आहेत : दिवा मी टांगतो, दिवा लोंबतो. इंग्रजांनीही एके काळी ती तशीच वेगळी ठेवली होती. पुढे उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीतील ‘हेंग्या’ हे क्रियापद त्यांत मिसळले आणि या तिघांची सरमिसळ होऊन एकच ‘हँग’ उरले. ‘हंग’ हे रूप सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर भागातील बोलीतून वर आले व हळूहळू त्याने सर्व अर्थ व्यापले. फक्त एक गड पडला नाही, तो न्यायालयाचा. न्यायाधीश शिक्षा सुनावताना जुन्या सूत्रातील शब्द बदलत नसत. म्हणून गावाने, बाजाराने आणि पुढे पुस्तकांनीही नवे रूप घेतले, तरी शिक्षेच्या वाक्यात जुने रूप तसेच राहिले.

यात आम्हा वकिलांना आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कायद्याची भाषा मुळातच चिवट. ते जुने सूत्र समुद्र ओलांडून आपल्याकडेही आले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते होते, १९७३ च्या संहितेच्या कलम ३५४(५) मध्ये ते तसेच उतरले, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९३(५) मध्येही आहे. मरेपर्यंत मानेने लटकविण्यात यावे, अशा आशयाचे ते वाक्य होय. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या एका कोपऱ्यात सुरू झालेल्या रूपबदलाला ज्या वाक्याने दाद दिली नाही, ते वाक्य आजही आपल्या सत्र न्यायालयांत लिहिले जाते. खुद्द इंग्लंडमध्ये शेवटची फाशी १३ ऑगस्ट १९६४ रोजी दिली गेली आणि पुढच्याच वर्षी खुनासाठीची ही शिक्षा कायद्याने थांबविण्यात आली. सूत्राच्या मायदेशी सूत्र गेले; येथे ते राहिले.

मराठीने या शिक्षेचे नाव ठेवताना लटकण्याकडे पाहिले नाही, दोराकडे पाहिले. ‘फाशी’ हा शब्द ‘फास’पासून आणि तो संस्कृत ‘पाश’पासून आला. पारध्याचा पाश, यमाचा पाश, मायेचा पाश, आणि हा पाश. एका भाषेने शरीराची अवस्था पाहिली, दुसरीने साधन पाहिले.

आता या लेखातील सर्वांत विलक्षण गोष्ट. भाषाशास्त्रज्ञ ‘हँग’चे मूळ ज्या प्राचीन भारत-युरोपीय धातूकडे नेतात, त्याच धातूशी ते संस्कृतातील ‘शङ्क्’ धातूचे नाते सांगतात. ‘शङ्कते’ म्हणजे तो डळमळतो, त्याचे मन अधांतरी राहते. म्हणजे ‘हँग’ आणि आपली ‘शंका’ या एकाच घरातील दूरच्या बहिणी. त्याच घरातील तिसरी बहीण लॅटिनमध्ये ‘कंक्तारी’ या रूपाने सापडते. तिचा अर्थ रेंगाळणे, दिरंगाई करणे. हॅनिबलाशी समोरासमोर लढाई टाळून त्याला थकविणाऱ्या फेबियस या रोमन सेनानीला ‘कंक्टेटर’ म्हणजे दिरंगाई करणारा ही पदवी याच क्रियापदावरून मिळाली. लोंबणे, संशयात असणे आणि उशीर करणे हे तीन अर्थ एकाच मुळातून फुटलेले आहेत.

या ठिकाणी मी ग्रंथ मिटवून बराच वेळ बसून राहिलो होतो. फौजदारी कायद्याचा सारा डोलारा ज्या तत्त्वावर उभा आहे ते तत्त्व ‘शंका’ हेच आहे. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि जिथे वाजवी शंका उरते तिथे फास सैल होतो. हे दोन शब्द एका धातूचे असावेत हा योगायोग. पण तो ज्या खटल्यात डोळ्यांसमोर उभा राहतो, तो १९३५ सालचा वुलमिंग्टनचा खटला होय.

रेजिनाल्ड वुलमिंग्टन हा इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातील एकवीस वर्षांचा शेतमजूर. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, आणि पत्नी त्याला सोडून माहेरी आईकडे राहायला गेली होती. १९३४ च्या डिसेंबरात तो बंदूक घेऊन तिथे गेला आणि तिच्या छातीत गोळी लागून ती मरण पावली. त्याचे म्हणणे असे : ती परत आली नाही तर आपण स्वतःला गोळी घालू असे तिला दाखविण्यासाठी बंदूक नेली होती, आणि ती चुकून उडाली. टाँटन येथे पहिला खटला चालला. ज्यूरीचे एकमत झाले नाही. इंग्रजी वापरात अशा ज्यूरीला ‘हंग ज्यूरी’, म्हणजे लोंबकळत राहिलेली ज्यूरी, म्हणतात. दुसरा खटला ब्रिस्टल येथे चालला. तेथे न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले की गोळी आरोपीने झाडली हे सिद्ध झाल्यावर तो खून नव्हता हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीची आहे. ज्यूरीने दोषी ठरविले आणि ते जुने सूत्र त्याला ऐकविण्यात आले. अपील न्यायालयानेही त्याचे ऐकले नाही. शेवटी हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड चॅन्सेलर सँकी यांनी निर्णय फिरविला : गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारचेच, आणि पुराव्याअखेर वाजवी शंका उरली तर आरोपी सुटलाच पाहिजे. वुलमिंग्टन सुटला. एकाच माणसाच्या आयुष्यात काही महिन्यांच्या आत लोंबकळलेली ज्यूरी, लटकविण्याची शिक्षा आणि शंकेने मिळालेली सुटका अशी या धातूची तिन्ही रूपे येऊन गेली. आपल्या न्यायालयांतही हा निर्णय आजवर असंख्य वेळा उद्धृत झाला आहे. मी स्वतः तो अनेकदा वाचून दाखविला आहे. ही व्युत्पत्ती मात्र कोणत्याही न्यायाधीशांपुढे सांगण्याचे धाडस केलेले नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. कोणत्याच पक्षाला बहुमत नसलेल्या सभागृहाला इंग्रजीत ‘हंग’ म्हणतात. मराठीने त्यासाठी ‘त्रिशंकू’ हा शब्द योजला. शब्द अतिशय नेटका आहे, कारण विश्वामित्राने स्वर्गात धाडलेला आणि इंद्राने खाली लोटलेला तो राजा खरोखरच मध्ये अडकला. पण त्यातील ‘शंकू’ म्हणजे खुंटी, सुळा. त्याचा ‘शंका’शी संबंध जोडण्याचा मोह आवरावा. पुराणकथेत त्रिशंकूचे तीन शंकू म्हणजे त्याची तीन पापे असे सांगितले आहे. उच्चार जुळला म्हणून कूळ जुळत नाही.

‘हँग’पेक्षा हलके, काहीसे खट्याळ असे एक इंग्रजी क्रियापद म्हणजे ‘डँगल’. सैलपणे लोंबत हेलकावे खाणे हा त्याचा मूळ अर्थ. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजी लेखनात दिसू लागते. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांच्या भाषांत त्याची जुळी रूपे आहेत, म्हणून तेही उत्तरेकडूनच आले असावे असे मानतात. त्याच्या शेवटचा ‘ल’ हा पुनःपुन्हा घडणाऱ्या क्रियेचा द्योतक आहे. मराठीत हेच काम ‘कळ’ करते असे मला वाटते : लोंबणे आणि लोंबकळणे यांत जो फरक, तोच ‘हँग’ आणि ‘डँगल’ यांत. ‘हिंदकळणे’मध्येही तीच हालचाल ऐकू येते. भिंतीवरचा कोट लोंबतो. बसच्या दाराला मुलगा लोंबकळतो.

‘डँगल’चे अर्थ पुढे वाढत गेले. एखाद्या बड्या माणसाच्या किंवा स्त्रीच्या मागेमागे घुटमळणे, असा एक अर्थ जुन्या इंग्रजीत होता. फासावर जाणे असाही होता, आणि तो क्रूर असला तरी वस्तुनिष्ठ होता. कारण जुन्या पद्धतीत फळी थोडीच खाली जाई, मान मोडत नसे आणि माणूस बराच वेळ खरोखर लोंबकळत गुदमरत राही. १८७२ मध्ये विल्यम मार्वुड या जल्लादाने वजनाच्या हिशेबाने दोर लांब ठेवण्याची पद्धत आणली आणि मृत्यू तत्काळ येऊ लागला. भारतात १९८३ साली दीना खटल्यात फाशीची पद्धतच घटनाबाह्य आहे असा युक्तिवाद झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत वैध ठरविताना याच मुद्द्याचा सविस्तर विचार केला. आज ‘डँगल’चा सर्वांत रुळलेला लाक्षणिक अर्थ आमिष दाखविणे हा आहे. मराठीत आपण गाजर ‘दाखवितो’, इंग्रज ते नाकासमोर लोंबकळत ठेवतात.

व्याकरणातही हे क्रियापद शिरले आहे. कर्त्याशी नीट न जोडलेल्या वाक्यांशाला इंग्रजी वैयाकरण लोंबकळता वाक्यांश म्हणतात. मराठी वैयाकरणांनी त्याला नाव दिले नसले तरी आमच्या पंचनाम्यांत तो विपुल आढळतो. “दारूच्या नशेत असताना पोलिसांनी आरोपीस ताब्यात घेतले” हे वाक्य मी स्वतः वाचले आहे. नशेत नेमके कोण होते, हा प्रश्न उलटतपासणीत विचारल्यावर सबंध न्यायालय हसले. हसणे ओसरल्यावर मात्र त्या वाक्यावरून पंधरा मिनिटे खरा युक्तिवाद झाला.

जर्मानिक कुळातील ‘हँग’ आणि ‘डँगल’ हे झाले इंग्रजांचे घरचे शब्द. कचेरीतील शब्द त्यांनी लॅटिनकडून घेतले. लॅटिनमध्ये ‘पेंदेरे’ म्हणजे लोंबणे, आणि ‘दे’ म्हणजे खाली, त्यांपासून ‘डिपेंड’. आपल्याकडे ‘लंब्’ म्हणजे लोंबणे, ‘अव’ म्हणजे खाली, त्यांपासून ‘अवलंबणे’. हे कोणी कोणाचे भाषांतर केलेले नाही. अवलंब हा संस्कृतातील फार जुना शब्द आहे. दोन भाषांनी स्वतंत्रपणे ओळखले की जो दुसऱ्यावर विसंबतो तो त्याला लोंबत असतो. भूमितीतील ‘लंब’ आणि इंग्रजीतील ‘पर्पेंडिक्युलर’, घड्याळातील ‘लंबक’ आणि ‘पेंड्युलम’ यांतही तेच दोन धातू समोरासमोर उभे आहेत. ‘लांब’ हा आपला रोजचा शब्दही ‘लंब’पासूनच आला. म्हणून ‘लंबोदर’ म्हणजे लांब पोटाचा नव्हे, तर पोट खाली लोंबणारा. आणि काम ‘लांबणीवर’ पडले म्हणजे ते मुळात लोंबतच पडले. ‘लोंबणे’ हे त्याच धातूच्या लोकभाषेतील एका रूपातून आलेले मानतात. भाताची, गव्हाची लोंबी त्याच्या शेजारी ठेवून पाहावी.

‘प्रलंबित’ आणि ‘निलंबित’ यांची गोष्ट निराळी. जुन्या संस्कृतात ‘प्रलंब’ हे गुडघ्यापर्यंत पोहोचणाऱ्या बाहूंचे किंवा रुळणाऱ्या माळांचे विशेषण होते. आधुनिक परिभाषाकारांना ‘पेंडिंग’ आणि ‘सस्पेंड’ यांसाठी शब्द हवे झाले. लॅटिन धातूचा अर्थ पाहून त्यांनी त्याच अर्थाचा ‘लंब्’ उचलला. म्हणून मराठी व हिंदी कचेरीतला कर्मचारी निलंबित होतो. मात्र आपण सीमेवरची माणसे. आपल्याला ठाऊक आहे की सगळीकडे माणसाला लोंबवीत नाहीत. बेळगावात सरकारी नोकरावर कारवाई झाली की कानडी वर्तमानपत्र त्याला ‘अमानतु’ केले असे लिहिते. अमानत म्हणजे खरे तर ठेव. वडोदऱ्यातील आपले बांधव ‘फरजमोकूफ’ हा शब्द वाचतात. हैदराबादच्या उर्दूत तो ‘मुअत्तल’, म्हणजे रिकामा बसविलेला. पोर्तुगीजांचा ‘सुस्पेन्सु’ मात्र पुन्हा लॅटिनच्याच दोराला लोंबतो. एकाच नोकराची एकच अवस्था. कुठे ती ठेव आहे, कुठे सूट आहे, कुठे रिकामपण आहे.

लॅटिनमधील या धातूला आणखी एक अर्थ होता : तोलणे, आणि तोलून पैसे चुकते करणे. नाणी मोजण्याआधीच्या काळी धातू तराजूला लटकवून देणे चुकविले जाई, त्या काळाची ती आठवण. ‘पेन्शन’ आणि ‘कॉम्पेन्सेशन’ हे शब्द तिथूनच निघाले. तेव्हा ज्या निवृत्त गुरुजींची पेन्शन पेंडिंग आहे, त्यांचे येणे आणि ते न येणे हे दोन्ही एकाच लॅटिन धातूतून आले आहे. हाच जोडअर्थ आपल्या शेजारच्या भाषेतही आहे. कानडीत ‘तूगु’ म्हणजे झुलणे, लोंबणे. आणि ‘तूगु’ म्हणजेच वजन करणे. ‘तूक’ म्हणजे वजन. रोमचा आणि कर्नाटकाचा शब्दसंबंध काहीही नाही. तराजू मात्र दोन्हीकडे लोंबतीच होती.

‘विलंब’ हा याच धातूचा मुलगा. संगीतात तो गुणी ठरला. विलंबित लयीतला ख्याल हे ग्वाल्हेरपासून धारवाडपर्यंतच्या रसिकांचे वैभव आहे. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ यांनी तर ती लय इतकी संथ केली की दोन मात्रांमधील अंतरच ऐकत राहावे. न्यायालयात मात्र विलंबाची लय कोणी ऐकत नाही. ती सोसावी लागते. आणि तरीही एका जागी विलंबाने जीव वाचविले. दयेच्या अर्जावर निर्णय करण्यास शासनाने अवाजवी उशीर लावला तर फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात मान्य केले आणि १५ जणांची फाशी रद्द केली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींची फाशीही जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच कारणाने जन्मठेपेत बदलली. त्यांचा दयेचा अर्ज सात वर्षांहून अधिक काळ पडून होता. त्या गुन्ह्यांची आठवण आमच्या भागात अजून जिवंत आहे आणि त्या निकालावर आईबापांचा संताप मी समजू शकतो. पण वर्षानुवर्षे दररोज फासाची वाट पाहायला लावणे ही कायद्याने न सुनावलेली दुसरी शिक्षा आहे, हे न्यायालयाचे म्हणणेही मला टाळता येत नाही.

अशा प्रसंगी हमखास येणारी ‘टांगती तलवार’ ही बाहेरून आलेली आहे. सिराक्यूजच्या डायोनिसियसने आपल्या वैभवाची स्तुती करणाऱ्या डॅमोक्लिसला आपल्या आसनावर बसविले आणि त्याच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाने तलवार टांगली. सिसेरोने ही कथा सांगितली आहे. त्या कथेत तलवार सत्तेच्या आसनावर बसणाऱ्याच्या डोक्यावर आहे. आपल्याकडे शब्दप्रयोग आला आणि तलवार सरकली. आता ती बदलीची वाट पाहणाऱ्या शिक्षिकेच्या आणि कराराने नेमलेल्या कारकुनाच्या डोक्यावर असते, आसनावरचा निर्धास्त आहे. ‘जीव टांगणीला लागणे’ हा मात्र आपला अस्सल घरचा प्रयोग.

दिवाणी कायद्यात लोंबण्याला एक मान आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२ हे ‘लिस पेंडेन्स’ या लॅटिन तत्त्वाचे आहे. त्याचा शब्दशः अर्थ लोंबता वाद. वाद लोंबत असेपर्यंत कोणत्याही पक्षाने वादातील मिळकत अशी हलवू नये की दुसऱ्याच्या हक्काला बाध येईल. कोणी विकलीच, तर घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक राहतो. हे कलम एका स्थावर मिळकतीच्या दाव्यापुरते आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३१ खाली महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमाप्रश्नाचा मूळ दावा सर्वोच्च न्यायालयात अद्याप प्रलंबित आहे. त्याला हे कलम लागत नाही. त्या दाव्यातील विषय शेतजमीन नसून आठशेहून अधिक गावे आहेत, आणि दावा लोंबत असताना त्यांतील फलक, शाळा, दप्तराची भाषा जागच्या जागी ठेवण्याचे बंधन कोणत्याही पक्षावर कलम ५२ घालीत नाही.

माझ्याकडे खानापूर तालुक्यातील एक वृद्ध पक्षकार येतात. वाटणीचा दावा, वडिलांच्या वेळेपासूनचा. कागदोपत्री मी ‘प्रकरण प्रलंबित’ असे लिहितो. ते पायरीवर बसून विचारतात, “साहेब, अजून लोंबकळतंयच काय ओ?” परवा त्यांनी तेच शेजारी उभ्या असलेल्या बेंच क्लार्कला कानडीत विचारले, तेव्हा त्यांच्या प्रश्नात ‘तूगु’ होते. क्लार्कने तारीख सांगितली. न्यायालय वजन करीत आहे असा त्यांनी अर्थ घेतला की दावा लोंबत आहे असा, हे मी विचारले नाही. ते पिशवी उचलून बसस्थानकाकडे निघाले होते.